तीन पावसाळे काढलेला बॉटम ब्रॅकेट

चिपळूणहून लोट्याच्या एमआयडीसीत मी रोज सायकलने जातो. जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर, मधे परशुराम घाट. कंपनीत माझं काम मेंटेनन्सचं. पंप, ब्लोअर, गिअरबॉक्स. गेली एकोणीस वर्षं बेअरिंगं काढतोय आणि बसवतोय. त्यामुळे सायकलच्या बीबीबद्दल, म्हणजे पायडलाच्या क्रँकचा (पायडल ज्या हाताला लावतात त्याचा) दांडा ज्या बेअरिंगमध्ये फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटबद्दल, चार शब्द लिहिण्याइतका हात त्यात काळा झालाय.

आज लिहितोय ते शिमानोच्या यूएन ३०० बद्दल. चौकोनी टोकाच्या दांड्याचा, बंद डबीसारखा, साधा बीबी. २०२३ च्या मे महिन्यात बसवला. तीन पावसाळे आणि सतरा हजार किलोमीटरच्या वर झालं, अजून प्ले (सैलपणा) नाही, आवाज नाही. मला तो दीड हजाराच्या आत पडला.

त्याआधीचं सांगायला हवं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा सायकल तळमजल्यावर होती, पूर्ण बुडाली. घरातला गाळ काढून झाल्यावर, आठवड्याने, सायकल उघडली. सायकलीबरोबर आलेला बीबी जुन्या पद्धतीचा होता, पिंजऱ्यातले छर्रे आणि दोन कप. ग्रीसच्या जागी पिठल्यासारखा दाट गाळ निघाला. छर्रे काळे पडलेले, कपात चर पडलेली. छर्रे आणि कप टाकले, क्रँक माळ्यावर ठेवला, आणि दुकानात सांगितलं तसा नवीन पद्धतीचा क्रँक घेतला. २४ मिलिमीटरचा जाड पोकळ दांडा, आणि बेअरिंग फ्रेमच्या बाहेर दोन बाजूंच्या कपात. चालवायला फार छान. घाटात उभं राहून पायडल मारलं की ताकद थेट चाकात गेल्यासारखी वाटायची. पण पहिला सेट पुढच्या गणपतीत किरकिरायला लागला आणि दुसरा शिमग्यापर्यंतही टिकला नाही. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष एकट्या त्या मालाचा नव्हता, हे मला नंतर कळलं.

दुसरा सेट गेल्यावर तो मी कंपनीतल्या बाकावर नेला. ब्लेडच्या टोकाने सील, म्हणजे बेअरिंगचं रबरी झाकण, उचकटलं. बाहेरच्या बाजूचं रबर धड होतं, पण आतल्या बाजूने, फ्रेमकडून, पाणी शिरलेलं. ग्रीस चहाच्या रंगाचं आणि तितकंच पातळ झालेलं. पुसून भिंगाखाली धरलं तर रिंगवर एकसारख्या अंतरावर तांबडे ठिपके. सायकल रात्रभर उभी असते तेव्हा छर्रे जिथे टेकतात, नेमके तिथेच पाणी गंज धरतं. पंपाच्या बेअरिंगमध्ये हे शेकडो वेळा पाहिलंय. स्टँडबाय, म्हणजे राखीव म्हणून नुसता उभा असलेला पंप नेहमी असाच मरतो.

फ्रेमच्या आत पाणी येतं कुठून? सीटच्या नळीतून. मागच्या चाकाने उडवलेलं पाणी सीटपोस्टच्या, म्हणजे सीटखालच्या दांड्याच्या, फटीतून उतरतं आणि सगळ्यात खाली, म्हणजे बीबीच्या शेलमध्ये (फ्रेमच्या ज्या आडव्या नळीत बीबी बसतो तिच्यात), साचतं. मी सीटपोस्ट काढून सायकल उलटी केली तर वाटीभर तांबडं पाणी बाहेर आलं. माझ्या फ्रेमला शेलच्या तळाशी केबलच्या मार्गदर्शकाचा स्क्रू आहे. तो काढला की पाण्याला वाट मिळते. आता पावसाळ्यात दर रविवारी तो काढतो. तुमच्या फ्रेमला तिथे भोक आहे का, ते आधी बघा, आणि असलंच तर चिखलाने बुजलेलं नाही ना, तेही.

दुसरी गोष्ट व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, लावल्यावर कळली. शेलची रुंदी ६८ मिलिमीटर हवी. चार ठिकाणी मोजली तर ६७.७ पासून ६८.२ पर्यंत आकडे आले, म्हणजे दोन्ही तोंडं समांतर नव्हती. बाहेरच्या कपांचा बीबी त्या तोंडांवरच टेकतो. तोंड तिरकं तर कप तिरका, आणि मग दांडा दोन बेअरिंगांत वाकड्या रेषेत फिरतो. ही तोंडं घासून सरळ करायला वेगळं कटर लागतं, ते आपल्याकडच्या नेहमीच्या दुकानात नसतं. यूएन ३०० सारख्या डबीबंद बीबीत दोन्ही बेअरिंगं एकाच नळीत, कारखान्यातच सरळ रेषेत बसवून येतात. फ्रेम थोडी वाकडी असली तरी त्यांचं काही बिघडत नाही. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या फ्रेमसाठी हे फार मोलाचं आहे.

जागेचा हिशेबही सोपा आहे. बाहेरच्या कपात बहुतेक वेळा ६८०५ मापाचं बेअरिंग असतं. आतून २५, बाहेरून ३७. म्हणजे एका बाजूला सहा मिलिमीटर जाडी मिळते, आणि त्यात आतली रिंग, बाहेरची रिंग आणि मधे छर्रा असं सगळं बसवायचं. छर्रा लहानच होणार. डबीबंद बीबीत दांडा बारीक असतो, त्यामुळे छर्ऱ्याला जागा जास्त मिळते. वजन मात्र जास्त, आणि जोरात पायडल मारणाऱ्याला दांडा किंचित नरम वाटेल. मला वाटला. दोन आठवड्यांत सवय झाली.

आता मुद्द्याचं. दुकानात आपण बीबी हातात घेतो, बोटाने फिरवतो, आणि जो भिरभिर फिरतो तो चांगला समजतो. पावसातल्या माणसाने उलटं करावं. यूएन ३०० हाताने फिरवला तर जड, चिकट फिरतो. तो जडपणा ग्रीसचा आणि दांड्याला घासून बसलेल्या सीलच्या ओठाचा असतो. आमचे पंप मिनिटाला २९०० फेरे फिरतात, तिथे सीलचं घर्षण आणि जास्तीचं ग्रीस बेअरिंग तापवतं. मी घाटात मिनिटाला साठ-सत्तर फेरे मारतो. त्या वेगाला काय तापणार? म्हणून बेअरिंगचा एबीईसी दर्जा ३ की ५, यावर पैसे घालवू नका. तो आकडा मापांच्या अचूकतेचा आहे, पाणी अडवण्याचा नाही. सिरॅमिकच्या छर्ऱ्यांचंही तेच. छर्रा गंजत नाही, पण तो ज्या पोलादी रिंगवर फिरतो ती गंजते.

ज्यांच्याकडे बाहेरच्या कपांचा क्रँक आहे त्यांनी तो फेकू नये. बेअरिंग सुटं बदलता येत असेल तर त्यावर टूआरएस (2RS) लिहिलेलं घ्या, झेडझेड (ZZ) नको. झेडझेडचं पत्र्याचं झाकण आतल्या रिंगला टेकतच नाही, फट राहते. टूआरएसचं रबर टेकतं. बसवण्याआधी एका बाजूचं रबर हलकेच उचलून आत वॉटरप्रूफ ग्रीस जवळजवळ गच्च भरा. पंपात असं केलं असतं तर मला साहेबांनी घरी पाठवलं असतं, सायकलीत चालतं.

यूएन ३०० घेताना दांड्याची लांबी चुकवू नका. एकाच नावाखाली कितीतरी लांब्या येतात. जुन्या दांड्याची टोकापासून टोकापर्यंत लांबी मोजा. माझी १२२.५ मिलिमीटर होती. कमी घेतली तर क्रँकची आतली दातेरी चाकं फ्रेमला घासतात, जास्त घेतली तर चेन तिरकी पळते. शेल ६८ ची आहे का, आटे बीएसए मापाचे आहेत का, तेही पाहा. प्रेस-फिटची, म्हणजे आटे नसलेली फ्रेम असेल तर हा बीबी बसणारच नाही. पुढची सायकल घेताना मी आट्यांचीच फ्रेम घेणार.

बसवायला स्प्लाइनचा, म्हणजे कपाच्या खाचांत बसणारा दातेरी पाना हवा. तो मी बाजारपेठेतल्या एका वयस्क मिस्त्रींकडून मागून आणला. पाना देताना त्यांनी विचारलं, "बाळा, चेनच्या बाजूचे आटे उलटे असतात, माहितेय ना?" मी म्हटलं, "माहितेय, चाचा." "माहीत असणारेच घाईत चुकतात. आधी हाताने तीन फेरे बसव, मग पाना लाव." तसंच केलं. शेलमधले आटे पितळी ब्रशने साफ केले, ग्रीस लावलं, उजवा कप डावीकडे फिरवत हाताने आत घातला. शेवटी टॉर्क रेंच ६० न्यूटन मीटरला लावून कट्ट वाजेपर्यंत आवळला. क्रँक घरातल्या माळ्यावर ठेवलेला जुनाच लावला, बोल्टही जुनेच.

तक्रार एकच. हा उघडता येत नाही. बेअरिंग गेलं की अख्खी डबी बदलायची, हे माझ्यासारख्या माणसाला खटकतं. आणि प्रेशर जेटने सायकल धुणाऱ्यांपुढे कुठलंच सील टिकणार नाही. मी बादली आणि मगच वापरतो.

पायडल मारताना आवाज आला तर लगेच बीबीवर खापर फोडू नका. आधी पायडल काढून ग्रीस लावून बघा, मग सीटपोस्ट, मग क्रँकच्या चाकांचे बोल्ट. खात्री करायची तर चेन उतरवा, एक हात सीटच्या नळीवर ठेवा आणि दुसऱ्या हाताने क्रँक सावकाश फिरवा. बेअरिंग खराब असेल तर नळीतून हाताला वाळूसारखी खरखर लागते. मी हे दर अमावास्येला करतो. गेल्या रविवारीही केलं, कारण पाऊस थांबलाय आणि गंज कळतो तो आताच. हाताला काही लागलं नाही.