लाकडी पिंपात मुरलेलं ग्रीक फेटा चीज

डब्यातल्यापेक्षा पिंपातलं फेटा जास्त कोरडं, चवीला तीव्र, जिभेवर किंचित मिरमिरणारं. जादा पैसे इथे वसूल होतात. नियमाप्रमाणे किमान 70 टक्के दूध मेंढीचं, उरलेलं शेळीचं, आणि मुरवण निदान दोन महिने. रंग पांढराशुभ्र हवा. मेंढी-शेळीच्या दुधात गाईच्या दुधासारखा पिवळेपणा नसतो.

पाकीट फोडल्यावर तुकडा खाऱ्या पाण्यातच बुडवून ठेवा. ते सांडलं तर लिटरभर पाण्यात 70 ग्रॅम मीठ विरघळवा. साध्या पाण्यात मीठ उतरतं, कडा बुळबुळीत होतात. फारच खारट वाटलं तर खाण्याआधी अर्धा तास दुधात ठेवा. तयार चुरा घेऊच नये, तो लवकर सुकतो. सागानाकी, म्हणजे तव्यावर तळलेल्या चीजचा ग्रीक पदार्थ, करायची असेल तर मात्र केफालोग्राविएरा हे कडक ग्रीक चीज बरं. फेटा तव्यावर ढासळतं.