केबलचा बॉक्स की फ्री डिशची छत्री?

गावी आईवडील दोघंच आणि त्यांच्या टीव्हीचा निर्णय तुम्हाला लांबून घ्यायचाय, अशांसाठी हे लिहितोय. आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, डांबरी रस्ता सोडून आत असलेल्या वाडीत. केबल आणि दूरदर्शनची मोफत फ्री डिश, दोन्ही गोष्टी तिथे वापरून झाल्यात. घरावरचा जुना अँटेना मोजणीत धरू नका, दूरदर्शनचे जमिनीवरचे अॅनालॉग ट्रान्समीटर 2022 पर्यंत जवळपास सगळेच बंद झाले.

सरकारने साधी, म्हणजे अॅनालॉग केबल टप्प्याटप्प्याने बंद करून डिजिटल केली. मुंबईत साध्या केबलची शेवटची तारीख होती 31 ऑक्टोबर 2012. गावांची पाळी चौथ्या टप्प्यात आली आणि मुदत वाढत वाढत 31 मार्च 2017 वर गेली. तोवर पडद्यावर पट्टी फिरत होती, सेट टॉप बॉक्स घ्या म्हणून. तारीख लोकांना पाठ झाली. पण डिजिटल झाल्यावर चित्र बिघडेल ते कसं बिघडेल, हे कुणी समजावून सांगितलं नाही. पूर्वी सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, आवाज मात्र चालू राहायचा. बाबा त्या मुंग्यांतूनच सातच्या बातम्या ऐकायचे. आता तसं होत नाही. चौकोन पडतात, आवाज तुटतो आणि पडदा काळा. थोडं बिघडलं म्हणजे सगळंच गेलं. माझ्या मते निवड करताना हेच आधी लक्षात घ्यावं.

आम्ही पहिल्यांदा केबलचाच बॉक्स घेतला. केबलवाला ओळखीचा, आईच्या मालिका सगळ्या दिसत होत्या, पैसे घरी येऊन न्यायचा. 2019 मध्ये वाहिन्या निवडून घ्यायचा नियम आला तेव्हा नुसतं मूळ भाडंच करासकट 153 रुपये झालं आणि वर आईच्या वाहिन्यांचे वेगळे. तेही चाललं असतं.

नाही चाललं ते पावसाळ्यात. वाडीला येणारी केबल झाडांवरून आणि खांबांवरून फिरत येते. मध्ये एका खांबावर अॅम्प्लिफायर, म्हणजे सिग्नल वाढवणारं विजेवरचं यंत्र. आमच्या घरात इन्व्हर्टर, पण त्या खांबावर लाइट नसली की आमचा टीव्ही बंद. फांदी पडून वायर तुटली किंवा जोडात पाणी गेलं, तर माणूस येईपर्यंत काहीच नाही. एका जुलैत सलग नऊ दिवस पडदा काळा होता. बाबा रोज फोन करत होते आणि रोज ‘उद्या येतो’ ऐकत होते. बाहेर दरड कोसळल्याच्या बातम्या, आणि घरात दोन म्हातारी माणसं बातम्यांवाचून. केबलदुरुस्तीला येणाऱ्या त्या मुलालाही दोष देत नाही, चार वाड्यांना तो एकटाच होता.

नंतर फ्री डिश बसवली. दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर 2004 पासून आहे, महिन्याचं भाडं नाही. आम्हाला बॉक्स, छत्री, वायर आणि मजुरी धरून दोन हजारांच्या आतच पडलं. पावसात चित्र जातं का? जातं. उपग्रहाकडून येणाऱ्या या लहरी दाट पावसात शोषल्या जातात, त्यामुळे मोठी सर आली की दहा-पंधरा मिनिटं काही दिसत नाही. पण सर ओसरली की चित्र आपलं आपण परत येतं. कुणाला फोन करायला नको, कुणाची वाट बघायला नको. मी मिनिटं मोजून वही ठेवलेली नाही, पण चार पावसाळ्यांत बाबांचा टीव्हीबद्दल फोन आला तो एकदाच, वाऱ्याने छत्री हलली तेव्हा.

आता तोट्याचं. झी मराठी, स्टार प्रवाह या सशुल्क वाहिन्या फ्री डिशवर नाहीत. सह्याद्री कायम असते. खासगी वाहिन्या मात्र लिलावात जागा घेऊन येतात, त्यामुळे आज दिसणारी वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असं नाही. आईला हे जड गेलं. तिच्या दोन मालिका ती आता दुपारी मोबाइलवर बघते, नेट असेल तेव्हा. तुमच्या घरात संध्याकाळ मालिकांवरच उभी असेल तर पैसे भरून घ्यायची डीटीएच, म्हणजे खासगी कंपनीची छत्री बघा. पावसाचं गणित तिथेही हेच, फक्त रिचार्जची तारीख तुम्हाला सांभाळावी लागेल. आणि घर बाजारपेठेत असेल, केबलवाल्याचं दुकान कोपऱ्यावर असेल, तर केबल सोडायचं कारण मला तरी दिसत नाही.

छत्री घ्यायची ठरली तर बॉक्स एमपेग-4 चाच (सिग्नलच्या नव्या पद्धतीचा) मागा, जुन्या बॉक्सवर काही वाहिन्या उमटत नाहीत. उपग्रह 93.5 अंश पूर्वेला आहे, म्हणजे कोकणातून छत्रीचं तोंड आग्नेयेला आणि बरंच वर. आमच्याकडे नेमका त्याच बाजूला शेजाऱ्यांचा फणस होता. काकांना विचारून मे महिन्यातच दोन फांद्या उतरवल्या, आणि आता दर मे महिन्यात ते स्वतःच आठवण करतात.