भर उन्हातला रॉक शो की दिवस मावळल्यावरचा?

२७ ऑगस्ट १९७२. अमेरिकेतल्या ओरेगनमधलं व्हेनेटा. ग्रेटफुल डेड हा रॉक बँड भर दुपारी उघड्या मैदानात वाजवत होता आणि पारा ३८ अंशांच्या वर गेला होता. उन्हाने गिटारी सारख्या उतरत होत्या. तार तापली की सैल पडते आणि सूर खाली घसरतो, त्याला वादक तरी काय करणार? तरीही त्या दुपारचं ध्वनिमुद्रण चाहते आजही जिवापाड जपतात. दुपारच्या शोची गंमत हीच: अर्धं मैदान घामाने निथळतंय, आणि स्टेजवरचा माणूसही आपल्याइतकाच भाजून निघतोय.

पण कानांचं विचाराल तर रात्रच सरस. दुपारी तापलेल्या जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गरम असते, म्हणून आवाज वर वळतो आणि मागच्यांच्या वाट्याला फिकाच येतो. अंधार पडला, जमीन निवली की उलटं होतं: आवाज खाली वाकून शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. शिवाय प्रकाशयोजना! दुपारी तिच्यावर केलेला खर्च पाण्यातच.

उकाडा मात्र रात्रीही पाठ सोडेलच असं नाही. हवा दमट असेल तर घाम वाळत नाही आणि गर्दीच्या मधोमध जीव कासावीस होतो.

मी रात्रीचंच तिकीट काढेन, तेही मागच्या उतारावरचं. स्टेजला खेटून उभं राहायचं वय (आणि गुडघे) आता राहिलं नाही.