सेंट्रल लाइनचं सेफ्टी ट्रेनिंग: रेसिडेंटना जरूर पाठवा

आमच्या आयसीयूतल्या नव्या रेसिडेंटना पाठवण्याआधी सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घालायची नळी, सुरक्षितपणे टाकायला शिकवणारी ही कार्यशाळा मी स्वतः केली. व्हिडिओ ठीकठाक आहेत. खरं शिकणं मॅनिकिनपाशी, म्हणजे सरावाच्या पुतळ्यापाशी.

तुम्ही आजवर किती लाइन टाकल्यात, हे इथे कुणी विचारत नाही. नवशिक्या असो वा सीनियर, चेकलिस्ट एकच. हात स्वच्छ करणं, टोपी, मास्क, निर्जंतुक गाऊन आणि ग्लोव्ह्ज, पेशंटवर डोक्यापासून पायापर्यंत ड्रेप (निर्जंतुक आच्छादन), अल्कोहोलमधलं क्लोरहेक्झिडीन हे जंतुनाशक लावून ते वाळेपर्यंत थांबणं. एक पायरी गाळली की पुन्हा पहिल्यापासून. काहींना हे जाचक वाटलं, मला मनापासून पटलं. मिशिगनमधल्या शंभरावर आयसीयूंनी अशाच साध्या गोष्टी नेमाने पाळल्या, तेव्हा लाइनमुळे होणारा रक्तातला संसर्ग हजार कॅथेटर-दिवसांमागे (एका पेशंटला एक दिवस लाइन असणं म्हणजे एक कॅथेटर-दिवस) सरासरी ७.७ वरून १.४ वर आला. २००६ साली ते प्रसिद्ध झालं.

सर्वाधिक वेळ सोनोग्राफीला दिला आणि तो सार्थकी लागला. शीर दिसली म्हणजे सुईचं टोक दिसलं असं नव्हे. प्रोब (सोनोग्राफीचा त्वचेवर टेकवायचा भाग) शिरेला आडवा धरला की पडद्यावरचा पांढरा ठिपका टोकाचा की सुईच्या मधल्या भागाचा, हे कळत नाही. ठिपका नाहीसा होईपर्यंत प्रोब पुढे न्यायचा, मग सुई सरकवायची. हे हाताला वळण लागेपर्यंत करून घेतात. गाइडवायर (जिच्यावरून लाइन आत सरकवतात ती तार) धमनीत नाही, शिरेतच आहे, हे पाहिल्याशिवाय वाट रुंद करणाऱ्या डायलेटरला हात लावू देत नाहीत. वायरचं बाहेरचं टोक क्षणभरही सोडायचं नाही, आणि ती काढल्यावर ‘वायर बाहेर’ असं मोठ्याने सांगायचं.

परीक्षेत सिस्टरच्या भूमिकेतले प्रशिक्षक मध्येच म्हणतात, “थांबा डॉक्टर, ड्रेपला हात लागला.” तिथे हुज्जत घातली की नापास. हा भाग प्रत्येक आयसीयूत व्हायला हवा. पण मग खऱ्या सिस्टरना का बोलावत नाहीत? थांबवायचं त्यांना आहे, त्यांनाही सराव हवा.

मॅनिकिनच्या मानेवर आधीच्या तुकड्यांची छिद्रं स्पष्ट दिसतात, सुई कुठे टोचायची ते आयतंच कळतं. ती कातडी बदलायलाच हवी. लाइन काढणं तर एका स्लाइडमध्ये उरकलं. पेशंटला आडवं करणं, श्वास रोखायला सांगणं, जागा दाबून हवाबंद ड्रेसिंग लावणं, यात हयगय झाली तर शिरेत हवा शिरून जीव जाऊ शकतो. यालाही मॅनिकिनवर अर्धा तास द्यावा.

आमचे रेसिडेंट पुढच्या तुकडीला जातील. सोबत सिस्टरनाही घ्या, असं आयोजकांना कळवलं आहे.