नंबर प्लेटचा दिवा: करंट घ्यायचा कुठून?

पुतण्यानं मोटारसायकलचं मागचं लांब मडगार्ड काढलं, आखूड ब्रॅकेट बसवलं आणि मडगार्डासोबत नंबर प्लेटचा दिवाही गेला. मग बोल्टमधल्या एलईडीची जोडी घेऊन दारात उभा. "काका, दोनच वायरी आहेत, पाच मिनिटांचं काम." वायरी दोनच, खरं आहे. काळी अर्थला, म्हणजे बॅटरीच्या मायनसला जाते. लाल कुठं जोडायची, इथं सगळी मेख आहे. दिवा कुठला घ्यायचा हे दुकानात डोळ्यांनी ठरवता येतं. करंटची जागा चुकली तर दिवा कितीही भारी असो, सीट पुन्हा उघडावी लागते.

जागा तीन: टेललाइटची पार्किंगची वायर, चावीवरचा प्लस (चावी फिरवली की करंट येणारी वायर) आणि थेट बॅटरी.

बहुतेकांनी पार्किंगच्या वायरीवरच जावं, असं माझं मत. टेललाइट लागला की नंबरही दिसायला हवा, आणि इथं ते आपोआप होतं, वेगळं बटण लागत नाही. 1 एप्रिल 2017 पासूनच्या गाड्यांत इंजिन चालू झालं की हेडलाइट-टेललाइट लागतातच, म्हणजे विसरायचाही प्रश्न नाही. हीरो-होंडाच्या वायरिंगमध्ये ही वायर साधारण तपकिरी, अर्थ हिरवी आणि ब्रेकची हिरव्यावर पिवळा पट्टा असलेली. यामाहात अर्थ काळी असते, त्यामुळं रंगावर डोळे मिटून विसंबू नका. दिवे चालू ठेवून टेस्ट लॅम्पची चिमटी चेसिसला लावा, टोक टेललाइटच्या वायरीला टेकवा. ब्रेक न दाबता उजेड पडला तर ती पार्किंगची. दाबल्यावरच पडला तर ब्रेकची, तिला हात लावू नका, नाहीतर नंबर फक्त थांबताना दिसेल.

पुतण्याच्या गाडीत तर शोधायचंही काम नव्हतं. काढलेल्या दिव्याचा प्लग सीटखाली तसाच लोंबत होता. जुन्या दिव्याकडचा अर्धा प्लग दोन इंच वायरीसकट कापून घेतला, त्याला नवी एलईडी जोडली आणि टचकन बसवला. कंपनीच्या वायरिंगला कात्री लागली नाही. उद्या गाडी विकायची झाली तर जुनं मडगार्ड जसंच्या तसं परत चढेल.

आता जुन्या गाड्या. आपल्याकडं वीस-वीस वर्षांच्या स्प्लेंडर अजून शेतात जातात. अशा बऱ्याच गाड्यांत हेडलाइट-टेललाइट बॅटरीवर नाही, मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनसोबत फिरून वीज करणाऱ्या भागाच्या, एसी करंटवर चालतात. ओळख सोपी: चावी फिरवून इंजिन बंद ठेवलं तर दिवा लागत नाही, आणि चालू केल्यावर रेस वाढवली की उजेड वाढतो. या वायरीवर साधी एलईडी जोडली तर ती फडफडते, आणि उलट्या दिशेचा करंट खाऊन लवकर मरते. इथं दोनच मार्ग. पार्किंगवर जायचं तर 5 वॉटचा साधा बल्ब लावा, त्याला एसी-डीसी सारखंच. एलईडीच हवी असेल तर चावीवरचा प्लस घ्या.

चावीचा प्लस हीरो-होंडात साधारण काळ्या वायरीवर असतो आणि मागच्या ब्रेकच्या स्विचपर्यंत आलेला असतो, त्यासाठी पुढं हेडलाइट उघडायची गरज नाही. दिवा दिवसाही जळत राहतो, पण एलईडीला त्याचं ओझं ते काय! खरी अडचण वेगळी. याच वायरीवर हॉर्न, ब्रेकलाइट, इंडिकेटर सगळे बसलेले. तुमची वायर ब्रॅकेटच्या कडेला घासून अर्थ झाली की फ्यूज उडतो आणि सगळं एकदम जातं. एफआय (फ्युएल इंजेक्शनच्या) गाडीत मेन फ्यूज गेला तर इंजिनही बंद. म्हणून फाटा फुटतो तिथंच 1 किंवा 2 अँपिअरचा छोटा फ्यूज टाका. पार्किंगवरही टाकाच, सातपुड्याच्या घाटात अचानक हेडलाइट गेलेला कुणाला परवडत नाही.

थेट बॅटरी मी स्वतः करून बसलोय. वेगळं बटण, बटण सीटखाली, मोठा हुशार. केळीला पाणी द्यायचं होतं, लाईट रात्री बाराला येणार, म्हणून गाडी बांधावर लावून मोटारीपाशी गेलो. बटण तसंच राहिलं. सकाळी सेल्फ नुसता कट-कट. हिशेब साधा: 100 सीसी गाडीची बॅटरी साधारण 3 एएच (अँपिअर-तास). बोल्टच्या दोन एलईडी माझ्या मीटरवर 0.1 अँपिअर ओढत होत्या, दहा तासांत 1 एएच, म्हणजे एक तृतीयांश बॅटरी गेली. आधीच थकलेल्या बॅटरीला तेवढं पुरतं. 5 वॉटचा बल्ब असता तर 0.4 अँपिअरनं चांगली बॅटरीही सकाळपर्यंत कोरडी. किक होती म्हणून सुटलो. हल्लीच्या कितीतरी गाड्यांना किकच नाही. हा मार्ग मी कुणालाच सुचवत नाही.

दिव्यांबद्दल थोडक्यात. बोल्टची एलईडी नंबर प्लेटच्या बोल्टच्या जागी बसते, पण एचएसआरपी (सरकारी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) असेल तर मागची प्लेट स्नॅप लॉकनं बसवलेली असते. ते लॉक एकदा तोडलं की पुन्हा वापरता येत नाही. त्या प्लेटला हात न लावता वरच्या ब्रॅकेटला भोक पाडा आणि दिवा खाली तोंड करून बसवा. चिकटपट्टीची एलईडी पट्टी स्वस्त, पण मे महिन्यात भुसावळच्या उन्हात गाडी उभी राहिली, पारा 44-45 वर गेला की डिंक सुटतो आणि पट्टी वायरीला लटकते. शिवाय इंजिन चालू असताना गाडीत व्होल्टेज 14 च्या वर जातं. जेमतेम 12 व्होल्ट सोसणारी पट्टी एकेक ठिपका करून विझते. मी आवरणातला, खाली उजेड टाकणारा छोटा दिवाच घेतो, स्क्रूनं आवळलेला.

उजेडाचा हव्यासही नको. एचएसआरपीचा पत्रा प्रकाश आला त्याच दिशेला परत फेकतो. म्हणून मागच्या ट्रकच्या हेडलाइटमध्ये तो लखलखतो, पण वरून चिकटवलेल्या एलईडीचा उजेड बराचसा एलईडीकडंच परत जातो. दिवा थोडा लांब आणि तिरका बसवला तर अक्षरं सारखी उजळतात. रंग पांढराच ठेवा. नियमात पांढऱ्या उजेडात नंबर 15 मीटरवरून वाचता यायला हवा, निळ्या-जांभळ्याला जागा नाही. आणि दिव्याचा ठिपका मागच्या चालकाच्या डोळ्यात जाऊ नये, उजेड प्लेटवर हवा.

गल्लीतला एक मित्र परवा म्हणाला, "लाईट लागस भो, पन नंबर दिखस नही." गाडी जुनीच, टेललाइटमध्ये लाल एलईडी बल्ब टाकलेला. जुन्या टेललाइटच्या खालच्या बाजूला एक पारदर्शक खिडकी असते, नंबरवर उजेड तिथूनच पडतो. बल्ब लाल, त्याचा उजेड फक्त मागं, आणि खिडकीवर तीन उन्हाळ्यांची धूळ. खिडकी पुसली, साधा बल्ब परत टाकला, काम झालं. तुमचं मडगार्ड शाबूत असेल तर आधी एवढं करून बघा, नवा दिवा लागणारही नाही.

जोड कसा करायचा यावर मात्र मी हट्टी आहे. टी-टॅपची क्लिप दाबली की जोड होतो, कात्री लागत नाही, पण आतली पात वायरीचे तार थोडे कापते आणि त्या फटीतून पाणी शिरतं. दसऱ्याला प्रेशरनं गाडी धुतली की दिवाळीपर्यंत हिरवी बुरशी. पिळून टेप मारलेला जोड उन्हात टेपचा डिंक वितळून उघडा पडतो. वायर सोलून झाळून घ्या, वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा आणि जोड सीटखाली उंचावर बांधा. खोलीच्या कोपऱ्यात साठवलेल्या कापसाजवळ गाडी लावत असाल तर वायरीवर जाड नळीही चढवा. उंदरांना वायरीचं आवरण फार आवडतं, माझी एक वायर त्यांनी मधोमध कुरतडली होती.

काम झाल्यावर अंधारात गाडी चालू करा, मागं सरळ वीस पावलं चाला आणि वळून नंबर मोठ्यानं वाचा. पुतण्याचा शेवटचा आकडा 8 की 3 हे कळेना, तेव्हा ब्रॅकेट बोटभर वर घेतलं.