आमच्या रस्त्याचे नवे डांबर: काम बरे, क्रम चुकलेला

जुळे सोलापुरातील आमच्या अंतर्गत रस्त्याचे पुनर्डांबरीकरण नुकतेच झाले. जुना पृष्ठभाग झाडून, त्यावर डांबराचा फवारा मारून मगच नवा थर अंथरल्यामुळे कडा अजून सुटलेल्या नाहीत. मात्र ड्रेनेजच्या चेंबरची झाकणे नव्या पातळीला उचलून बसवलीच नाहीत. चार बोटे खोल राहिलेल्या त्या खळग्यांत दुचाकीचे चाक आदळते, आणि हे अक्षम्य आहे.

त्याहून मोठा प्रश्न प्राधान्याचा आहे. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत सोलापूरची निवड झाली, परंतु २०२५ मध्ये संपलेल्या त्या योजनेतील क्षेत्राधारित विकासाचा पैसा निवडलेल्या भागातच खर्च होत असे, आणि आमच्यासारख्या हद्दवाढ भागातील (शहराची हद्द वाढवून नंतर जोडलेल्या) रस्त्यांना मालमत्ता कराचे उत्पन्न, राज्याची नगरोत्थान योजना किंवा जिल्हा नियोजन समितीचा निधी यांवर अवलंबून राहावे लागते. असा निधी आला की रस्त्याची अवस्था, त्यावरची वर्दळ आणि जलवाहिनीचे प्रलंबित काम पाहूनच क्रम ठरावा. नाहीतर डांबर पडल्यावर खोदाई होते.

आपल्या रस्त्याचे काम निघाल्यास कार्यादेशातील (ठेकेदाराला दिलेल्या कामाच्या आदेशातील) दोष दायित्व कालावधी आवर्जून विचारावा, कारण त्या मुदतीत सदोष कामाची दुरुस्ती ठेकेदाराला स्वखर्चाने करावी लागते. आमच्या झाकणांसाठी आम्ही तसा लेखी अर्ज दिला आहे.