एससीसीएम सर्व्हर गेला: रिकव्हरी करायची की कोरा उभा करायचा, आणि डेटाबेसचा बॅकअप कशाने घ्यायचा

कुपवाड एमआयडीसीतलं युनिट असो, साखर कारखाना असो नाहीतर जत-आटपाडीपर्यंत शाखा असलेली पतसंस्था, एससीसीएम (ऑफिसातल्या सगळ्या पीसींवर एकाच जागेवरून सॉफ्टवेअर टाकणारी आणि सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची यंत्रणा) च्या सर्व्हरची डिस्क गेली की पहिला प्रश्न हाच पडतो की बॅकअपवरून जुना सर्व्हर परत उभा करायचा का सरळ कोरं विंडोज टाकून पहिल्यापासून मांडायचं.

कोरा सर्व्हर सोपा वाटतो, कारण इन्स्टॉल करणं सगळ्यांना येतं आणि संध्याकाळपर्यंत कन्सोल उघडतो पण. खरा त्रास नंतर सुरू होतो, कलेक्शन (पीसींचे गट) गेलेली, डिप्लॉयमेंट (कुठल्या गटाला कुठलं सॉफ्टवेअर) गेलेली, विंडोज टाकायचे टास्क सीक्वेन्स गेलेले, इन्व्हेंटरीचा म्हणजे प्रत्येक पीसीत काय काय आहे त्या नोंदींचा जुना इतिहास गेलेला, आणि साइट कोड (तुमच्या एससीसीएम मांडणीचं छोटं नाव) तोच ठेवला तरी पीसीवरच्या क्लायंटकडे, म्हणजे एससीसीएमच्या छोट्या प्रोग्रामकडे, जुन्या साइटची ट्रस्टेड रूट की (सर्व्हर खरा आहे हे ओळखायची किल्ली) असते, ती नव्या सर्व्हरशी जुळली नाही की रिसेट करत बसायचं. पन्नासेक पीसी एकाच बिल्डिंगमध्ये असतील आणि जुनी साइट आधीपासूनच विस्कटलेली असेल तर मी स्वतः कोराच उभा करायला सांगेन. दोन-तीनशे पीसी आणि शाखा लांब लांब असतील तर नको.

रिकव्हरीला अटी आहेत, पण त्या पाळता येण्यासारख्या आहेत. नवीन मशीनचं पूर्ण डोमेन नाव जुन्यासारखंच पाहिजे, साइट कोड तोच, डेटाबेसचं नाव तेच, आणि सेटअप चालवायचा तो सीडी डॉट लेटेस्ट (तुमच्या चालू आवृत्तीच्या सेटअप फाइली असलेलं एससीसीएमचं फोल्डर) फोल्डरमधून, कुठून तरी नव्याने डाउनलोड केलेल्या मीडियावरून नाही. रिकव्हरी संपली की अकाउंटचे पासवर्ड परत टाकावे लागतात, काय काय बाकी आहे त्याची यादी सेटअप स्वतःच सी ड्राइव्हवर एका एचटीएमएल फाइलमध्ये ठेवतो, ती नीट वाचा, बरेच जण वाचतच नाहीत आणि मग ओएस डिप्लॉयमेंट का अडकलंय ते शोधत बसतात.

आता बॅकअप. एससीसीएममध्येच साइट बॅकअपचा मेंटेनन्स टास्क (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम) असतो, तो डेटाबेस, रजिस्ट्रीतली माहिती आणि सीडी डॉट लेटेस्ट सगळं एकत्र घेतो, म्हणजे विसरायला काही जागाच राहत नाही. पण पुढच्या वेळी चालला की आधीचा बॅकअप ओव्हरराइट करतो, त्यामुळे काल खराब झालेला डेटा आज चांगल्या कॉपीवर बसू शकतो. आफ्टरबॅकअप डॉट बॅट नावाची फाइल करून दरवेळी कॉपी दुसरीकडे हलवता येते, तेवढं केलंच पाहिजे.

दुसरा मार्ग म्हणजे एससीसीएमचा डेटाबेस ज्यात असतो त्या एसक्यूएल सर्व्हरचा थेट बॅकअप. कॉम्प्रेशन मिळतं, कॉपी खराब झाली का ते कळायला चेकसम लावता येतो, पंधरा दिवसांच्या वेगवेगळ्या कॉपी ठेवता येतात, आणि रिकव्हरीच्या वेळी 'डेटाबेस आधीच रिस्टोअर केलाय' असं सेटअपला सांगता येतं. फक्त सीडी डॉट लेटेस्ट वेगळं कॉपी करायचं, तेच राहून जातं. मला विचाराल तर रोज रात्री एसक्यूएलचा बॅकअप आणि त्याच जॉबमध्ये सीडी डॉट लेटेस्टची कॉपी, हे जास्त भरवशाचं.

हा डेटाबेस सिंपल रिकव्हरी मॉडेलवर असतो, म्हणजे बदलांची नोंद (लॉग) तो साठवून ठेवत नाही; फुल मॉडेलमध्ये लॉगचा बॅकअप होईपर्यंत ती साठत राहते. कोणीतरी चांगलं म्हणून फुल करतं, लॉग बॅकअप मात्र लावत नाही, आणि लॉग फाइल वाढत वाढत डिस्क भरते. सिंपलमध्ये शेवटच्या बॅकअपनंतरचं जातं हे खरं, पण इन्व्हेंटरी क्लायंट परत पाठवतात, जातात ते तुम्ही दिवसभरात केलेले बदल, आणि दोनशे पीसीच्या साइटला तेवढं चालतं.

कंटेंट लायब्ररी (पीसींना वाटायच्या फाइलींचा साठा), पॅकेजच्या मूळ फाइली आणि डब्ल्यूसस (विंडोज अपडेट वाटणारी सेवा) चा डेटाबेस या दोन्ही मार्गांत आपोआप येत नाहीत. सोर्स फाइलींचा शेअर वेगळा बॅकअप केला नसेल तर डेटाबेस परत येतो पण वाटायला सॉफ्टवेअरच नसतं, रिकव्हरीत सगळ्यात जास्त वेळ इथंच जातो. सर्व्हर व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) असेल आणि त्याचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची जतन केलेली स्थिती, त्याच स्टोरेजवर असेल तर तो बॅकअप धरू नका, स्टोरेज गेलं की दोन्ही गेलं.

आणि सांगलीत कॉपी कुठं ठेवायची हा वेगळा विचार करायला लागतो. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ ची, त्यामुळे मेन ऑफिस गावभागात आणि बॅकअपचा नॅस (नेटवर्कवरची साठवणुकीची पेटी) मारुती चौकातल्या शाखेत, जिथं पुराचं पाणी गावभागासारखंच येतं, याला दुसरी जागा म्हणता येत नाही. साताऱ्यात शाखा असेल तर रात्री तिकडं कॉपी जाऊ द्या, नसेल तर क्लाउडवर, तेही नको असेल तर दर आठवड्याला एक एक्स्टर्नल डिस्क शहराबाहेर.

व्हेरिफायओन्ली (बॅकअप फाइल वाचता येते का ते बघणारी एसक्यूएलची कमांड) पास झालं म्हणून निर्धास्त राहू नका, आतला डेटा धड आहे का ते त्यात पूर्ण तपासलं जात नाही. तीन महिन्यांतून एकदा वेगळ्या एसक्यूएल सर्व्हरवर बॅकअप खरंच रिस्टोअर करा, त्यावर चेकडीबी (डेटाबेस आतून धड आहे का ते तपासणारी कमांड) चालवा, आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवा, कारण सर्व्हर पडल्यावर साहेब पहिलं तेच विचारणार.